पेशंटजवळ थांबायला जाताना हातांची तयारी

आपल्याकडे पेशंटला भरवणं, कूस बदलणं, बेडपॅन देणं ही निम्मी कामं सोबत थांबणारा माणूसच करतो. त्यामुळे हात स्वच्छ ठेवण्याचा नियम फक्त सिस्टर-डॉक्टरांसाठी आहे, असं समजू नका.

घरातून निघण्यापूर्वी नखं कापा, अगदी बारीक. हातावरचे सर्वाधिक जंतू नखांखालीच दडलेले असतात. चिकटवलेली नखं असतील तर काढून टाका. अंगठ्या, बांगड्या, घड्याळ घरीच राहू द्या. मनगटावरचा गंडादोरा सोडायचं जिवावर येतं, पण तो एकदा भिजला की बराच वेळ ओला राहतो आणि त्याखालची कातडी नीट धुतली जात नाही. देवघरात ठेवा, पेशंट घरी आला की पुन्हा बांधा.

पिशवीत साबण हवाच, वॉर्डातल्या बेसिनवर तो असेलच याची खात्री नसते. वडी नेणार असाल तर खाली भोकं असलेल्या डबीत न्या, पाण्यात लिबलिबीत होऊ देऊ नका. लिक्विड सोपची छोटी बाटली त्याहून बरी. चार-पाच छोटे नॅपकिन घ्या. हात पुसायचा वेगळा, पेशंटचं तोंड पुसायचा वेगळा. ओला झालेला थेट धुण्यात टाका. पदराला नाहीतर ओढणीला हात पुसायची सवय इथे मोडायलाच हवी. सॅनिटायझरच्या लेबलवर अल्कोहोल किमान 60 टक्के आहे ना, ते बघा. साधं मॉइश्चरायझरही ठेवा, कारण सारखं धुऊन हात भेगाळले की माणूस धुणंच टाळायला लागतो.

खाटेपाशी पोचलात की आधी बेसिन कुठे आहे ते बघून घ्या आणि सॅनिटायझरची बाटली हात लांब केला की मिळेल अशी ठेवा. उठून शोधावी लागली तर रात्री दोन वाजता कुणीही शोधत नाही.

आता हात कधी स्वच्छ करायचे? पेशंटला हात लावण्यापूर्वी आणि लावून झाल्यावर, भरवण्यापूर्वी, बेडपॅन-उलटी-लघवीची पिशवी हाताळल्यावर लगेच. इथवर बहुतेकांना ठाऊक असतं. निसटतं ते आजूबाजूचं: खाटेचा कठडा, सलाईनचा स्टँड, लॉकर आणि सगळ्यात जास्त मोबाइल. वरणभात भरवता भरवता फोन वाजतो, डाव्या हाताने उचलतो, मग त्याच हाताने पेशंटची हनुवटी धरतो. फोन ठेवलात की हात पुन्हा स्वच्छ करा, मगच पुढचा घास.

साबणाने धुताना एकूण 40 ते 60 सेकंद लागतात, सॅनिटायझर चोळायला 20 ते 30. अंगठे, बोटांची टोकं आणि बेचकी हमखास राहून जातात, तिकडे जास्त लक्ष द्या. सॅनिटायझर कोरड्या हातांवरच घ्या आणि पूर्ण वाळेपर्यंत चोळा. हात चिकट किंवा मळलेले असतील, पेशंटला जुलाब होत असतील, तर साबण-पाणीच वापरा. अँटिबायोटिकनंतर जुलाब घडवणाऱ्या क्लॉस्ट्रिडिओइड्स डिफिसिल या जंतूचे बीजाणू (म्हणजे त्याचं टणक कवचातलं सुप्त रूप) अल्कोहोलला दाद देत नाहीत. ग्लोव्हज घातले तरी काढल्यावर हात धुवायचेच. सलाईनची सुई, कॅथेटर यांना आपण होऊन हात लावू नका. लघवीची पिशवी रिकामी करायला सांगितलं असेल तर सिस्टरकडून एकदा समोर करून दाखवून घ्या.

एक तयारी मनाचीही करायची आहे. ‘सिस्टर, हात स्वच्छ केलेत ना?’ हे वाक्य आधीच ठरवून ठेवा, डॉक्टरांसाठीसुद्धा. यात उद्धटपणा मुळीच नाही. 1847 साली व्हिएन्नाच्या सरकारी रुग्णालयात डॉ. इग्नाझ सेमेलवाइस यांनी शवविच्छेदन करून थेट बाळंतिणींकडे येणाऱ्या डॉक्टरांना क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुवायला लावलं. एप्रिलमध्ये शंभरातल्या सुमारे 18 बाळंतिणी दगावत होत्या, जूनमध्ये ते प्रमाण दोनांवर आलं. तरीही अनेक नामवंत डॉक्टरांना ते पटलं नाही. म्हणून मऊ आवाजात, पण विचाराच.

भेटायला येणाऱ्यांना खाटेवर बसू देऊ नका, आल्या-आल्या बाटली पुढे करा. सर्दी-खोकला असलेल्या काकांना फोनवरच बोलायला सांगा. त्यांना वाईट वाटलं, तर पेशंट घरी आल्यावर समजूत काढता येईल.