ऑस्ट्रेलियन ओपनच्या विजेत्यांची यादी बिनचूक कशी करावी

विंबल्डनची यादी करताना दोन महायुद्धं आणि 2020 वगळलं की वर्षांचा हिशेब जुळतो. ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये मात्र वर्षाचा रकानाच दगा देतो. म्हणून तक्ता आखतानाच पाच रकाने ठेवा: स्पर्धेचं वर्ष, अंतिम सामन्याची तारीख, शहर, कोर्टाचा प्रकार, विजेता.

पुरुष एकेरी 1905 पासून भरा, पहिला विजेता रॉडनी हीथ. महिला एकेरी 1922 पासून. 1916 ते 1918 आणि 1941 ते 1945 या वर्षांत स्पर्धा झाली नाही.

खरी गफलत 1977 ला होते. त्या वर्षी स्पर्धा जानेवारीतून डिसेंबरमध्ये नेली, त्यामुळे एकाच वर्षात दोन स्पर्धा झाल्या. जानेवारीत रॉस्को टॅनर आणि केरी रीड, डिसेंबरमध्ये व्हिटास गेरुलायटिस आणि इव्हॉन गूलागाँग कॉली. दोन्ही ओळी ठेवा. एक ‘दुबार’ समजून उडवली की पुढचे सगळे आकडे चुकतात. तारखेचा रकाना इथेच उपयोगी पडतो: 1978 च्या स्पर्धेचा पुरुषांचा अंतिम सामना 3 जानेवारी 1979 रोजी झाला, पण गिलेर्मो व्हिलासचं ते विजेतेपद 1978 चंच धरतात.

पुढे स्पर्धा पुन्हा जानेवारीत आणली. 1985 ची डिसेंबरमध्ये झाली, त्यानंतरची थेट जानेवारी 1987 मध्ये. म्हणून 1986 रिकामं. स्टेफान एडबर्गची 1985 आणि 1987 ही विजेतेपदं त्यामुळे सलग आहेत. तक्त्यात लागोपाठची वर्षं शोधणारं सूत्र लावलंत तर ती सलग दिसणार नाहीत, शेजारी शेरा लिहून ठेवा.

आता ताळा करा. 1905 ते 2025 ही 121 वर्षं. त्यातून न झालेली 9 वजा, 1977 ची जादा 1 मिळवा: पुरुष एकेरीच्या 113 ओळी यायला हव्यात. महिलांच्या 99. एकही कमी-जास्त असेल तर आधी 1977 आणि 1986 तपासा, चूक बहुधा तिथेच सापडते.

शहराच्या रकान्यात 1906 ला क्राइस्टचर्च आणि 1912 ला हेस्टिंग्ज ही न्यूझीलंडची गावं येतील, दचकू नका. 1972 पासून मात्र कायम मेलबर्न. कोर्ट 1987 पर्यंत गवताचं, 1988 पासून हार्ड कोर्ट. मॅट्स विलांडर दोन्हींवर जिंकला: 1983, 1984 गवतावर, 1988 हार्ड कोर्टवर.

खुलं युग 1968 पासून असं सरसकट लिहू नका. व्यावसायिक खेळाडूंना प्रवेश त्या वर्षीच्या एप्रिलपासून मिळाला आणि ही स्पर्धा जानेवारीतच उरकली होती. म्हणून 1968 चा विजेता बिल बाउरी हौशी काळातला. इथली पहिली खुली स्पर्धा 1969 ची, रॉड लेव्हरने जिंकलेली. विक्रमांची तुलना करताना ही रेघ ठळक मारा. रॉय एमर्सनची सहाही विजेतेपदं तिच्या अलीकडची आहेत, नोव्हाक जोकोविचची दहाही पलीकडची. नुसते आकडे शेजारी मांडणं हा एमर्सनवरही अन्याय आणि जोकोविचवरही.

शेवटी नावं एकसारखी करा. मार्गारेट कोर्टची 11 विजेतेपदं आहेत, पण 1960 ते 1966 ची सात जुन्या नोंदींत ‘मार्गारेट स्मिथ’ या माहेरच्या नावाने सापडतात. नाव न जुळवता मोजणी केली तर कोर्टच्या खात्यात चारच उरतात.