केवळ कमिशनवर घरोघरी विक्री : होकार देण्याआधी

‘तात्काळ भरती, अनुभवाची अट नाही, महिना पंधरा ते तीस हजार’ अशा मजकुराच्या पत्रकावरील क्रमांकाला फोन केला, की बहुतेक वेळा दुसऱ्याच दिवशी मुलाखत होते आणि तासाभरात निवडही होते. निवड इतकी सहज होते, कारण ठरलेला पगार द्यायचाच नसल्यामुळे दहा जण घेतले आणि त्यांतले आठ महिन्याभरात निघून गेले, तरी घेणाऱ्याचे फारसे काही जात नाही. मी पुणे आणि पिंपरी-चिंचवड परिसरात घरोघरी फिरून पाणी शुद्ध करण्याची यंत्रे विकली आणि पुढे नव्या मुलामुलींना सोबत घेऊन फिरण्याचे कामही केले. हे काम कमी प्रतीचे आहे असे मी मुळीच मानत नाही. मात्र ते स्वीकारताना आपण नोकरी धरत नसून अंगावर एक छोटा धंदा घेत आहोत, हे पक्के समजून घ्यावे आणि नोकरीचे नव्हे, तर धंद्याचे प्रश्न विचारावेत, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते.

करारनाम्यात तुमचा उल्लेख ‘कर्मचारी’ असा नसतो, तर ‘स्वतंत्र प्रतिनिधी’ किंवा ‘कमिशन एजंट’ असा असतो. त्यामुळे भविष्यनिर्वाह निधी, ईएसआय (कर्मचारी राज्य विमा), भरपगारी रजा यांपैकी काहीच मिळत नाही. तसे पाहता, कागदावर काय लिहिले आहे यावरच सगळे ठरते असे कायदा मानत नाही. १९७३ मध्ये सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाउसच्या खटल्यात नगावर मोबदला घेणाऱ्या शिंप्यांनाही सर्वोच्च न्यायालयाने दुकानाचे कामगार मानले होते. पण घर चालवण्यासाठी चार पैसे शोधायला निघालेल्या मुलाने अशा कोर्टातल्या लढाईच्या भरवशावर कामाला लागणे योग्य नव्हे. दिवसभर दुचाकीवर फिरायचे असेल, तर किमान प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत बँकेमार्फत नाव नोंदवून ठेवावे. वर्षाला २० रुपये हप्ता आहे आणि अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्व आल्यास २ लाख रुपयांचे संरक्षण मिळते. ते पुरेसे नाही, तरीही मी सोबत घेतलेल्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी बँकेत पाठवत असे.

आता पैशांकडे वळू. मुलाखतीत तुम्हाला सर्वांत जास्त कमावणाऱ्याचा पेआऊट, म्हणजे हाती पडलेल्या कमिशनचा आकडा, दाखवतात. तुम्ही मात्र मंदीच्या महिन्याचा हिशेब मांडावा. समजा, एका यंत्रामागे ९०० रुपये कमिशन आहे आणि महिन्यात तुमची १२ बुकिंग झाली. त्यांतली दोन रद्द झाली, तर हातात ९,००० रुपये येतात. रोज ४० किलोमीटर फिरणे आणि लिटरला ४५ किलोमीटरचा ॲव्हरेज धरला, तर २६ दिवसांच्या पेट्रोलला सुमारे २,४०० रुपये लागतात. बाहेरचे जेवण आणि चहा यांचे २,००० रुपये, गाडीची झीज आणि सर्व्हिसिंगचे ५००, मोबाइल रिचार्जचे ३०० धरले, तर उरतात ३,८००. वर्षाचे कमिशन २० हजार रुपयांवर गेले की त्यावर २ टक्के करकपात होते, आणि पॅन दिलेला नसेल तर तीच २० टक्के होते. कापलेला कर विवरणपत्र भरून परत मिळवता येतो, पण तो पुढच्या वर्षी. म्हणजे बारा घरांनी ‘हो’ म्हटल्यानंतरही महिन्याअखेरीस साडेतीन हजारांच्या आसपास रक्कम उरते. वरचे आकडे उदाहरणादाखल आहेत. तुमच्या कंपनीचे, तुमच्या गाडीचे आणि तुमच्या भागाचे आकडे घालून हाच हिशेब घरच्यांसमोर बसून करावा.

या हिशेबातील सर्वांत नाजूक जागा रद्द होणाऱ्या बुकिंगची आहे. कमिशन नेमके कधी पिकते, हा प्रश्न मुलाखतीतच विचारावा. ते ग्राहकाने ॲडव्हान्स दिल्यावर मिळते, यंत्र बसल्यावर मिळते की पूर्ण रक्कम जमा झाल्यावर, यावर सारे अवलंबून असते. हप्त्यांवर विकलेल्या मालाचे कर्ज फायनान्स कंपनीने नाकारले, तर तुमच्या चार फेऱ्या फुकट जातात. काही ठिकाणी ग्राहकाने तीन महिन्यांत यंत्र परत केले, तर आधी दिलेले कमिशनही पुढच्या पेआऊटमधून वळते करून घेतात. स्लॅबही नीट समजून घ्यावा. दहाव्या नगापर्यंत एक दर आणि अकराव्यापासून वाढीव दर असेल, तर तो वाढीव दर फक्त पुढच्या नगांना लागतो की पहिल्यापासून सर्वांना, याचे उत्तर तोंडी घेऊ नये. ईमेल किंवा व्हॉट्सॲपवर का होईना, लेखी मागावे. लेखी मागितल्यावर समोरच्याचा चेहरा बदलला, तर तेही उत्तरच समजावे.

घरोघरी जाणे हे पूर्वीइतके सोपे राहिलेले नाही. बाणेर, वाकड, पिंपळे सौदागर यांसारख्या भागांतील मोठ्या सोसायट्यांत मायगेटसारख्या ॲपवर फ्लॅटधारकाने मंजुरी दिल्याखेरीज वॉचमन आत सोडत नाही आणि गेटवर ‘विक्रेत्यांना सक्त मनाई’ अशी पाटी असते. तिथे विक्री होते ती कमिटीची परवानगी घेऊन आवारात लावलेल्या कॅनोपीवर, म्हणजे छत्रीवजा स्टॉलवर, आणि त्या जागेचे भाडे कोण भरणार हा पुन्हा तुमच्या हिशेबाचाच भाग ठरतो. उरतात त्या जुन्या तीन-चार मजली इमारती, बंगले, चाळी आणि बैठी घरे. तिथेही दुपारी एक ते चार या वेळेत दार वाजवणे म्हणजे ग्राहक गमावणे होय. त्यामुळे प्रत्यक्ष विक्रीचे तास सकाळी दहा ते साडेबारा आणि संध्याकाळी पाचनंतरचे असतात. मधला वेळ उन्हात किंवा पावसात कुठे काढायचा, हे मुलींनी आणि त्यांच्या पालकांनी तर आवर्जून विचारात घ्यावे. तुम्हाला दिलेला भाग कोणता, तिथे गेल्या सहा महिन्यांत आणखी कोण फिरून गेले आणि कंपनी चौकशी केलेल्या ग्राहकांची यादी देते की ‘कोल्ड’, म्हणजे कोणतीही चौकशी न आलेली, दारे वाजवायला लावते, यावर तुमच्या बोलण्याच्या कौशल्यापेक्षा अधिक काही ठरते.

आणखी एक प्रश्न पैशांहूनही महत्त्वाचा आहे, आणि तो म्हणजे दारात उभे राहून तुम्हाला काय बोलावे लागणार आहे. आमच्या व्यवसायात एक डेमो सर्रास चालत असे. दोन ग्लास घ्यायचे, एकात नळाचे पाणी आणि दुसऱ्यात आरओचे (पाण्यातले क्षार काढून टाकणाऱ्या यंत्राचे) पाणी भरायचे, आणि दोन्हींत विजेवर चालणाऱ्या उपकरणाच्या धातूच्या कांड्या सोडायच्या. दोन-तीन मिनिटांत नळाचे पाणी तपकिरी, मग काळपट हिरवे होते, वर गाळाचा फेस येतो, आणि दारातल्या आजी तोंडावर पदर धरून म्हणतात, ‘बाई गं, हे पाणी आम्ही नातवाला पाजतो?’ प्रत्यक्षात तो रंग पाण्यातल्या घाणीचा नसतो. नळाच्या पाण्यातील नैसर्गिक क्षारांमुळे त्यातून वीज वाहते, लोखंडाची कांडी झिजते आणि तिचा गंज पाण्यात उतरतो. आरओच्या पाण्यात क्षार नगण्य असल्याने वीज फारशी वाहत नाही, म्हणून ते स्वच्छ दिसते. या प्रयोगावरून पाणी पिण्यायोग्य आहे की नाही हे मुळीच कळत नाही. भारतीय मानक आयएस १०५०० नुसार पिण्याच्या पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह आहे, तर धरणातून येणारे महापालिकेचे पाणी सहसा त्याच्या बरेच खाली असते. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी क्षार असलेल्या पाण्यासाठी आरओ वापरण्यावर बंदी आणण्याचे निर्देश दिले होते. बोअरवेलच्या जड पाण्यावर दिवस काढणाऱ्या घराला आरओची खरोखर गरज असते आणि तिथे विकताना मान ताठ राहते. धरणाच्या पाण्यावर असलेल्या घराला तेच यंत्र भीती घालून विकायचे, हे मी सोबतच्या मुलांना करू दिले नाही, आणि त्यापायी आमच्या गटाचे टार्गेट चुकले तरी मला त्याचे दुःख झाले नाही.

निश्चित पगार नसला, की महिनाअखेरीस भाड्याची तारीख जवळ येते आणि खोटे बोलण्याचा मोह वाढतो. म्हणून वस्तू कोणतीही असो, तिच्याविषयी शिकवलेले बोलणे आपल्या आईसमोर जसेच्या तसे म्हणता येईल का, हे कामाला लागण्याआधीच तपासावे.

कामावर घेताना पैसे मागणाऱ्यांविषयी मला फार लिहायचे नाही. डेमो किट, बॅग, प्रशिक्षण किंवा नोंदणी यांच्या नावाखाली रक्कम मागितली, मूळ गुणपत्रिका ठेवून घेतल्या किंवा कोरा धनादेश मागितला, तर तिथून उठावे. विक्रेत्यांच्या जाळ्यातून थेट ग्राहकाला माल विकणाऱ्या कंपन्यांसाठी केंद्र सरकारने २०२१ च्या अखेरीस नियम केले असून त्यांत प्रवेश शुल्क घेण्यास आणि पिरॅमिड योजनांना मनाई आहे. ओळखपत्राशिवाय आणि आगाऊ वेळ किंवा संमती घेतल्याशिवाय ग्राहकाच्या घरी जाऊ नये, असेही ते नियम सांगतात. माल विकण्यापेक्षा माणसे जोडण्यावर जास्त पैसे मिळत असतील, तर ते काम या लेखाच्या विषयातच बसत नाही.

होकार देण्याआधी एक दिवस कंपनीच्या माणसासोबत फिरण्याची परवानगी मागावी, मात्र तो टीम लीडर नसावा. तीन-चार महिने टिकलेल्या साध्या मुलासोबत जावे आणि संध्याकाळी चहाच्या टपरीवर त्याला गेल्या तीन पेआऊटचे आकडे विचारावेत. ज्याच्यावर घराचे भाडे किंवा शिक्षणाच्या कर्जाचा हप्ता आहे आणि ज्याच्या गाठीला तीन-चार महिन्यांचा खर्च नाही, त्याने हे काम घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कमी का असेना, ठरलेला पगार आणि वर इन्सेंटिव्ह देणारी जागा त्याने शोधावी. घरी राहणाऱ्या, जेवणाखाण्याची चिंता नसलेल्या आणि पुढे विक्रीच्याच क्षेत्रात जाऊ पाहणाऱ्याला मात्र हे काम पुष्कळ काही देते. परक्या माणसाशी पहिल्या अर्ध्या मिनिटात कसे बोलावे आणि नकार ऐकून पुढचे दार त्याच उमेदीने कसे वाजवावे, हे मला कोणत्याही वर्गात शिकायला मिळाले नसते. अशांनीही मुदत ठरवूनच जावे. खर्च वजा जाता सलग दोन महिने ठरवलेली किमान रक्कम उरली नाही, तर लीडरने कितीही धीर दिला तरी थांबावे.

काम सोडताना ओळखपत्र, पावतीपुस्तक आणि डेमोचे सामान परत केल्याची सही-शिक्क्याची पोच घ्यावी, कारण नंतर तुमच्या नावाच्या पावतीवर कोणी ॲडव्हान्स उचलला, तर ग्राहक तुमच्याच दारी येतो. झालेल्या पण अजून न बसवलेल्या बुकिंगची यादी ग्राहकाच्या नावासह आणि तारखेसह ईमेलने पाठवून त्यांचे कमिशन कधी मिळेल ते लेखी घ्यावे, आणि कापलेला कर आपल्या पॅनखाली जमा झाला आहे का, हे आयकर खात्याच्या पोर्टलवर पाहून घ्यावे.