खाली सतत आग होते पण रिपोर्ट नॉर्मल? मग हे क्रमाने करून बघा

योनीच्या बाहेरच्या भागात, म्हणजे आपण नुसतं "खाली" म्हणून विषय संपवतो ना तिथे, आग होते, सुया टोचतात, जीन्स घालून स्कूटीवर बसलं की जीव नकोसा होतो आणि डॉक्टर म्हणतात इन्फेक्शन नाहीये. असं ३ महिन्यांच्या वर चाललं आणि दुसरं काही कारण सापडलं नाही तर त्याला व्हल्व्होडायनिया म्हणतात. मला हे नाव कळायला दोन वर्षं लागली, तोवर फंगसच्या क्रीमच्या किती ट्यूबा संपवल्या ते विचारू नका.

तर आधी नीट तपासून घ्या. नुसतं ऐकून क्रीम लिहून दिली तर "स्वॅब घ्याल का?" (म्हणजे कापसाच्या काडीने स्राव घेऊन तपासणं) असं सरळ विचारायचं, लाजायचं नाही. चांगल्या तपासणीत डॉक्टर ओल्या कापसाची काडी योनीच्या तोंडाभोवती घड्याळाच्या आकड्यांप्रमाणे एकेका जागी हलकेच टेकवतात आणि विचारतात, इथे किती दुखतं? फक्त खाली, ५ ते ७ च्या पट्ट्यात दुखलं तर बऱ्याचदा ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळलेले असतात, गोल सगळीकडेच दुखलं तर हार्मोनकडे बघावं लागतं. माझं सगळीकडे दुखलं, १२ वर टेकवली तेव्हाही मी टेबलवरून उडाले, आणि लगेच पुढचा प्रश्न आला, "गर्भनिरोधक गोळी कुठली घेतेस?"

त्यावर येतेच, पण त्याआधी घरातलं आवरा. नॅचरल उपाय म्हटलं की आपण काहीतरी लावायलाच बघतो. तुरटीचं पाणी, कडुलिंबाचा पाला, डेटॉल, टी ट्री ऑइल, इंटिमेट वॉश, हे सगळं आधी बंद, कारण दुखऱ्या कातडीला यातलं बरंच काही झोंबतं. फक्त साधं कोमट पाणी. सुती चड्डी, रात्री तीही नको, सेंटवाले पॅड नकोत. आग वाढली की फडक्यात गुंडाळलेला बर्फ ५-१० मिनिटं, थेट कातडीवर नाही. लघवी करताना झोंबत असेल तर आधी व्हॅसलीनचा पातळ थर लावा. खोबरेल बऱ्याच जणींना चालतं, पण लॅटेक्सच्या कंडोमबरोबर तेल आणि व्हॅसलीन दोन्ही चालत नाहीत, कंडोम फाटतो. पालक-टोमॅटो सोडा असंही कुणी सांगेल, त्यातल्या ऑक्झलेट नावाच्या क्षारामुळे म्हणे, त्याला फार आधार नाहीये, उगाच ताट रिकामं करू नका.

मग स्नायू. इथे बायका हमखास चुकतात, केगल, म्हणजे खालचे स्नायू आवळायचा व्यायाम, करत बसतात, आणि स्नायू आधीच घट्ट असतील तर केगलने दुखणं वाढू शकतं. आपल्याला उलटं हवंय, सैल सोडणं. पाठीवर झोपा, गुडघे वाकवा, पोटावर हात ठेवा, श्वास घेताना पोट वर येऊ दे आणि खालचा भाग शू सोडताना सैल होतो तसा सोडा, रोज ५-१० मिनिटं. बालासनही बरं पडतं. शक्य असेल तर पेल्विक फ्लोअरचं, म्हणजे याच तळाच्या स्नायूंचं, काम करणारी फिजिओथेरपिस्ट शोधा, या दुखण्यात तिचा उपयोग मोठा असतो. लिग्नोकेनचं बधिर करणारं मलम किंवा नसांच्या दुखण्याची गोळी डॉक्टरांनी दिली तर "मला नॅचरलच हवं" म्हणून अडून बसू नका.

आता गर्भनिरोधक. नेहमीच्या कॉम्बिनेशन, म्हणजे दोन हार्मोनवाल्या, गोळ्यांमुळे रक्तातलं मोकळं टेस्टोस्टेरॉन कमी होतं आणि योनीच्या तोंडाजवळच्या नाजूक कातडीला ते हवं असतं, म्हणून काही जणींना त्रास सुरू होतो असं मानतात. सगळे अभ्यास याला दुजोरा देत नाहीत, लाखो बायका गोळी घेतात आणि त्यांना काहीही होत नाही. पण दुखणं गोळी सुरू केल्यानंतर आलं असेल तर हा विषय डॉक्टरांकडे काढाच. आपल्या मनाने गोळी बंद करू नका, आधी दुसरी सोय हवी. कॉपर टीमध्ये हार्मोन नसतं, सरकारी दवाखान्यात फुकट बसवतात, फक्त बसवताना दुखू शकतं म्हणून आधीच सांगून ठेवा, "मला इथे दुखतं, लहान स्पेक्युलम वापरा" (स्पेक्युलम म्हणजे आत बघायला योनी उघडी धरायचं उपकरण). कंडोम वापरला तर स्पर्मिसाइडवाला (शुक्राणू मारणारं औषध लावलेला) नको, तो झोंबतो. छाया गोळीत इस्ट्रोजेन नाही, पण ती इस्ट्रोजेनच्याच कामात हात घालते, आणि ३ महिन्यांच्या अंतरा इंजेक्शनने काहींना कोरडेपणा येतो, तेव्हा ही दोन्ही विचारूनच घ्या.

गोळी बदलल्यावर पंधरा दिवसांत निकाल मागू नका, मला फरक जाणवायला चार महिने गेले. तोवर दुखत असेल तर संबंध नको म्हणा, दात ओठ खाऊन सहन केलं की स्नायू पुढच्या वेळी आधीच आवळून बसतात, आणि नवऱ्याला हे कापसाच्या काडीचं सांगितलं तर त्यालाही लवकर कळतं.

आणि गाठ लागली, न भरणारी जखम किंवा पांढरा चट्टा दिसला, पाळी नसताना रक्त गेलं तर खोबरेल बाजूला ठेवून त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा.