जुनी पीजीपी किल्ली: बदला, पण पुसू नका

बेळगावात वकिली करताय आणि निपाणी-खानापूरच्या पक्षकारांशी अजून जुन्याच पीजीपी किल्लीवर (मेल कुलूपबंद करणारी आणि त्यावर सही करणारी संगणकी किल्ली) मेल चालतात? आधी किल्लीचा तपशील उघडून पाहा. ‘डीएसए १०२४’ (सहीची जुनी, १०२४ बिटांची पद्धत) दिसलं तर नवी करून घ्या. आजच्या हिशेबानं ती कमकुवत, तशाच एसएचए-१ च्या (मजकुराचा छोटा ठसा काढायची जुनी पद्धत) सह्याही. १९९० च्या दशकातली तिसऱ्या आवृत्तीची किल्ली तर जीपीजी या पीजीपी किल्ल्या चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये २.१ (२०१४) पासून चालतच नाही. तिच्यासाठी जीपीजीचं जुनं १.४ वेगळं ठेवावं लागतं.

जुनी खाजगी किल्ली (मेल उघडणारा, फक्त तुमच्याकडचा भाग) मात्र पुसू नका, जुने मेल तिच्याशिवाय उघडणार नाहीत. पेनड्राइव्हवर प्रत ठेवा (पासवर्डची चिठ्ठी त्यालाच चिकटवू नका!). नव्या किल्लीवर जुन्या किल्लीनं सही करा आणि नव्या किल्लीचा फिंगरप्रिंट (तिची ओळख पटवणारी अंक-अक्षरांची ओळ) पक्षकाराला फोनवर वाचून दाखवा.