मणक्याच्या रुग्णाची कूस कशी बदलावी आणि बेडसोअर कसा टाळावा

मज्जारज्जूला इजा झाली की इजेच्या खालच्या भागात दुखणं जाणवत नाही, त्यामुळे तिथे जखम होतेय हेही कळत नाही. पहिल्या महायुद्धात असे बहुतेक रुग्ण मूळ दुखापतीपेक्षा बेडसोअर (एकाच जागी सतत दाब पडून होणारी जखम) आणि लघवीच्या संसर्गाने दगावले. १९४४ साली इंग्लंडमधल्या स्टोक मँडेविल रुग्णालयात डॉ. लुडविग गुटमन यांनी मणक्याच्या रुग्णांसाठी वेगळा विभाग सुरू केला, तेव्हा त्यांनी एक शिस्त कडकपणे लावली: दिवस असो की रात्र, दर दोन तासांनी कूस बदलायचीच. (१९४८ साली याच आवारात १६ जखमी सैनिक स्त्री-पुरुषांची तिरंदाजीची स्पर्धा झाली, पॅरालिंपिकची सुरुवात तिथली.)

पुढची पद्धत मणका स्थिर असल्याचं डॉक्टरांनी सांगितल्यानंतरची. ताज्या दुखापतीत रुग्णाला हलवण्याचं काम प्रशिक्षित माणसांचंच.

खांद्यापासून मांडीपर्यंत पोहोचेल अशी चादर दुमडून रुग्णाखाली कायम असू द्या. दोघांनी दोन बाजूंना उभं राहून तिच्या कडा अंगालगत गुंडाळून धरायच्या आणि रुग्णाला उचलून सरकवायचं. ओढायचं नाही. ओढल्यावर कातडी गादीला चिकटून राहते, आतलं हाड पुढे जातं आणि मधल्या रक्तवाहिन्या ताणल्या जातात. पलंगाचं डोकं ३० अंशांपेक्षा जास्त वर केल्यावर रुग्ण घसरतो, तेव्हाही हेच होतं. जेवणासाठी डोकं वर करावंच लागलं तर आधी गुडघे वाकवून घ्या.

कुशीवर पूर्ण आडवं करू नका; सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो. पाठीमागे उशी लावून साधारण ३० अंशांचा कल पुरतो. मग हात घालून पाहा: माकडहाड आणि खुबा, दोन्ही मोकळे हवेत, भार ढुंगणाच्या मांसल भागावर हवा. एक उशी गुडघ्यांच्या मध्ये, एक पोटऱ्यांखाली. टाचा अधांतरी हव्यात. खालून कागद सहज सरकला पाहिजे. शेवटी चादरीची सुरकुती, कॅथेटरची (लघवीची) नळी, बटण, विसरलेला मोबाइल यांपैकी काही अंगाखाली नाही ना, ते चाचपा. डावी कूस, पाठ, उजवी कूस असा क्रम वेळेसकट कागदावर लिहून पलंगाशी लावला की रात्रीची पाळी चुकत नाही.

सकाळ-संध्याकाळ कातडी तपासा. लाल डाग बोटाने दाबून सोडल्यावर पांढुरका झाला नाही, तर आत इजा सुरू झाली आहे. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही. तिथे जांभळट छटा, आजूबाजूपेक्षा गरम किंवा टणक लागणारी जागा शोधा. ती जागा पूर्ववत होईपर्यंत तिच्यावर भार नको. चोळणं आणि तेलाचा मसाज तर नकोच, नाजूक झालेल्या पेशी त्याने फाटतात. मधे भोक असलेली रिंगही वापरू नका. तिच्या कडेचा दाब आतल्या भागाचा रक्तपुरवठा तोडतो.

व्हीलचेअरवर दर १५ ते ३० मिनिटांनी भार हलका करा. हातांवर जोर देऊन क्षणभर उचलणं पुरत नाही, रक्त परतायला दोनेक मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ हात टिकत नाहीत. त्यापेक्षा ब्रेक लावून, पुढची छोटी चाकं पुढच्या दिशेला वळवून, छाती मांड्यांवर टेकेल इतकं वाका. नाहीतर आळीपाळीने एकेका बाजूला झुका. हवेची गादी गच्च फुगवणं ही नेहमीची चूक. बसल्यावर ढुंगणाच्या सर्वांत खालच्या हाडाखाली दीड ते अडीच सेंटीमीटर हवा राहिली पाहिजे.

इजा छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा त्याहून वर असेल आणि अचानक डोकं ठणकून वरच्या भागाला घाम फुटला, तर रक्तदाब धोकादायक चढलेला असू शकतो. लगेच बसतं करा, घट्ट कपडे आणि पट्टे सैल करा, कॅथेटरला पीळ पडलाय का पाहा. काही मिनिटांत उतार पडला नाही, तर थेट रुग्णालय गाठा.