इसिक-कुलला जाताय? दक्षिण काठ मागून घ्या

किर्गिझस्तानातलं इसिक-कुल सरोवर सुमारे १८० किलोमीटर लांब आहे. उंची १,६०० मीटर, तरी सरोवर खूप खोल आणि पाणी किंचित खारं असल्यानं हिवाळ्यातही गोठत नाही. नावाचा अर्थच 'उबदार सरोवर'. टूर ठरवताना नुसता उत्तर काठ दिला असेल, तर दक्षिण काठही आग्रहानं मागा. उत्तरेला रिसॉर्टं जास्त, आणि खरी मजा दक्षिणेला आहे: स्काझ्काच्या लालपिवळ्या घळी, जेती-ओगुझचे तांबडे कडे, बोकोनबायेवोजवळ गरुड घेऊन शिकार करणारे लोक, आणि लोकरीचे तुकडे शिवून केलेले शिर्दाक गालिचे. गालिचा कारागीर बाईच्या घरी जाऊन तिच्याकडूनच घ्या, पैसे थेट तिच्या हातात जातात.

सरोवराच्या पूर्वेकडच्या काराकोल शहरात एक रात्र ठेवाच. तिथली डुंगान (चीनमधून आलेल्या मुसलमानांची) मशीद लाकडी, चिनी धाटणीची, खिळे न वापरता बांधलेली.

शाकाहारी असाल तर गाइडला निघण्याआधीच सांगा. नुसतं 'मांस नको' म्हणून भागत नाही, रस्साही मांसाचाच असतो. थेपले, मेतकूट सोबत असू द्या. यर्टमध्ये, म्हणजे तिथल्या गोल तंबूत, राहणार असाल तर जुलैतही स्वेटर हवाच.