चाकं वळवण्याआधी: स्टिअरेबल ट्रेलरच्या नादाला लागणाऱ्यांसाठी

स्टिअरेबल ट्रेलर, म्हणजे गाडीबरोबर ज्याची स्वतःची चाकंही वळतात असा ट्रेलर, हा विषय इंजिनिअरिंगच्या प्रोजेक्टला घ्यायचं ठरवलं असेल तर आधी कॅल्क्युलेटर काढा, सॉलिडवर्क्स हे ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर नंतर. समजा वळताना गाडीच्या मागच्या ॲक्सलचा मध्य ५ मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर फिरतोय, टो-बॉल, म्हणजे ट्रेलर जोडायचा गोळा, त्या ॲक्सलच्या १.१ मीटर मागे आहे आणि बॉलपासून ट्रेलरच्या ॲक्सलपर्यंतचं अंतर २ मीटर आहे. ५ चा वर्ग अधिक १.१ चा वर्ग वजा २ चा वर्ग, आणि त्याचं वर्गमूळ. ४.७१ मीटर, ही ट्रेलरच्या वर्तुळाची त्रिज्या. म्हणजे ट्रेलर गाडीच्या मागापेक्षा जेमतेम २९ सेंटिमीटर आत येतो. एवढ्यासाठी किंगपिन (चाक ज्याभोवती वळतं तो खिळा), टाय रॉड (दोन्ही चाकं जोडणारा दांडा), बेल क्रँक (ओढीची दिशा बदलणारा कोनी तरफ) हा सगळा पसारा मांडायचा? तरी मांडणारे मांडतात, कारण ‘स्टिअरेबल’ हा शब्द प्रेझेंटेशनमध्ये भारी दिसतो. तुमचा ट्रेलर दोन मीटरचा असेल तर साधा करा, ब्रेक नीट बसवा आणि सुखाने पास व्हा.

आता त्याच सूत्रात २ च्या जागी ४.५ घाला. उत्तर येतं २.४४. ट्रेलर अडीच मीटरहून जास्त आत घुसतोय. शेतीची पीव्हीसी पाइप ६ मीटर लांबीची येते. ती नेणारा असा ट्रेलर गावातल्या बोळात वळवला तर कोपऱ्यावरचा कट्टा गेलाच म्हणून समजा. इथे चाकं वळवण्याला अर्थ आहे. आमचा प्रोजेक्ट हाच होता: पिकअपच्या मागे जोडायचा, पाइप वाहणारा, एका ॲक्सलचा ट्रेलर. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपने जागा आणि वेल्डिंग दिलं, साहित्य आम्ही आणलं.

ऊस वाहणाऱ्या चारचाकी ट्रॉलीचं टर्नटेबल बघून कोणी म्हणेल, ‘त्यात काय, तेच उचलायचं.’ तिथे पुढचा अख्खा ॲक्सल दांड्याबरोबर फिरतो. रचना दणकट आहे, पण ॲक्सल काटकोनाकडे गेला की आधाराचा पाया अरुंद होतो आणि उंच भरलेली ट्रॉली कलंडायला बघते. ट्रॅक्टरच्या वेगाला ते चालतं. पिकअपच्या मागे मला ते नको होतं.

मग राहते आमची पद्धत. गाडीच्या ब्रॅकेटवर, टो-बॉलच्या बाजूला थोड्या अंतरावर एका रॉडचा डोळा, म्हणजे त्याच्या टोकाचा भोकाचा सांधा, बसवायचा. गाडी आणि ट्रेलर यांच्यात कोन झाला की रॉड ओढला किंवा ढकलला जातो, आणि बेल क्रँकमार्फत ट्रेलरची चाकं वळतात. ट्रेलर गाडीच्याच मागावरून यायला किती वळवायची? इथे बहुतेक जण डोळे मिटून चाकांच्या कोनाचं गाडी-ट्रेलरमधल्या कोनाशी एकास एक गुणोत्तर घेतात. ते बॉल बरोबर मागच्या ॲक्सलवर असेल तरच खरं. एरवी ड्रॉबारची (बॉलपासून ट्रेलरच्या ॲक्सलपर्यंतची) लांबी वजा बॉलचं गाडीच्या ॲक्सलच्या मागे असणं, भागिले त्या दोघांची बेरीज. आमच्या आकड्यांत ३.४ भागिले ५.६, म्हणजे सुमारे ०.६. गाडी-ट्रेलरमध्ये १० अंशांचा कोन झाला तर चाकं ६ अंश वळायला हवीत. स्टिअरिंग आर्म, म्हणजे चाकाला वळवणारा हात, १५० मिलिमीटरचा असेल आणि बेल क्रँक दोन्हीकडे सारखी असेल, तर रॉडचा डोळा बॉलपासून ९० मिलिमीटर बाजूला हवा. हे लहान कोनांचं गणित आहे, पण सुरुवातीला पुरतं. बाजू डावी की उजवी हे मात्र पुठ्ठ्याचं मॉडेल करून, टाचण्या टोचून बघा. चुकीच्या बाजूला डोळा गेला तर चाकं उलटी वळतात आणि ट्रेलर साध्या ट्रेलरपेक्षाही आत येतो.

लँकेनस्पर्गर आणि ॲकरमन यांची १८१८ ची स्टिअरिंग भूमिती तुम्हाला पाठ असेलच, त्यावर वेळ घालवत नाही. आतलं चाक जास्त वळतं, बाहेरचं कमी. तो भाग पुस्तकात आहे आणि पुस्तकातून जमतो.

पुस्तकात न सापडलेली गोष्ट सांगते, आणि सावकाश सांगते, कारण तिने आमचा अख्खा उन्हाळा खाल्ला.

ट्रेलर रिकामा असताना सुतासारखा सरळ जायचा. पाइप भरले की किंचित तिरका चालायचा, खेकड्यासारखा. वर्कशॉपमधल्या मिस्त्रींनी टाय रॉड अर्धा आटा फिरवून दिला. भरलेला सरळ झाला, रिकामा तिरका. परत आटा. परत उलट. त्यात कॉलेजच्या आवारातल्या प्रत्येक स्पीडब्रेकरवर ट्रेलर शेपूट हलवायचा. गाईड सरांचं निदान ‘ॲलाइनमेंट’, मिस्त्रींचं निदान ‘बुश’, म्हणजे सांध्यातली झिजलेली नळी. बुश बदलले. काही फरक नाही. शेवटी एकाला मोटारसायकलवर मागे बसवून मोबाइलवर शूटिंग करायला लावलं. स्लो मोशनमध्ये दिसलं की पिकअपची पुढची चाकं स्पीडब्रेकरवर चढली की ट्रेलरची चाकं एका बाजूला वळतात, आणि मागची चढली की दुसऱ्या बाजूला. रस्ता नाकासमोर सरळ, ड्रायव्हरचं स्टिअरिंग स्थिर, आणि आमची चाकं स्वतःच्या मनाने वळतायत.

कारण असं. टो-बॉल ब्रॅकेटच्या प्लेटवर उभा असतो. आम्ही रॉडचा डोळा सोयीसाठी प्लेटच्या खालून बोल्टने बसवला होता, म्हणजे बॉलच्या केंद्रापेक्षा ६० मिलिमीटर खाली. वरून बघितलं तर ९० मिलिमीटर बाजूला, अगदी बरोबर. आमचं सगळं ड्रॉइंग टॉप व्ह्यूमध्ये होतं, कारण वळण टॉप व्ह्यूमध्येच दिसतं. पण गाडी आणि ट्रेलर यांच्यात फक्त आडवा कोन होत नाही, उभाही होतो. ३ मीटर व्हीलबेसच्या (पुढच्या-मागच्या ॲक्सलमधल्या अंतराच्या) गाडीची मागची चाकं १० सेंटिमीटरच्या उंचवट्यावर आली की गाडीचं नाक खाली जातं, बॉल वर उचलला जातो, ट्रेलरचं नाक वर होतं. दोघांत साडेतीन अंशांहून जास्त फरक पडतो. या फिरण्याचं केंद्र म्हणजे बॉलचं केंद्र. त्याच्या ६० मिलिमीटर खाली असलेला डोळा त्यामुळे जवळजवळ ४ मिलिमीटर पुढे-मागे सरकतो. रॉडला काय कळणार, हे वळण आहे की स्पीडब्रेकर? तो १५० मिलिमीटरच्या आर्मला ४ मिलिमीटर ढकलतो आणि चाकं दीड अंश वळतात.

भरल्यावर तिरका चालण्याचं कारणही हेच. वजन पडलं की पिकअपचे पाटे बसतात, ड्रॉबारचा उतार बदलतो. दोन अंश बदलला तरी डोळा २ मिलिमीटर सरकला, चाकं कायमची पाऊण अंश वळलेली. टाय रॉडचे आटे फिरवून हे जन्मात सुटलं नसतं.

उपाय गमतीशीर वाटेल इतका साधा आहे. डोळ्याचं केंद्र बॉलच्या केंद्राच्या उंचीवर आणा, आणि पुढे-मागेही बॉलच्या रेषेतच ठेवा. म्हणजे गाडीला आडव्या, बॉलच्या केंद्रातून जाणाऱ्या रेषेवरच तो डोळा बसला पाहिजे. मग ट्रेलर नाक वर-खाली करो, डोळा जागचा हलत नाही. फक्त आडवा कोन झाला तरच हलतो, आणि आपल्याला तेवढंच हवंय. रॉडचं टोक रेषेच्या पुढे-मागे राहिलं तर डावं आणि उजवं वळण वेगवेगळं पडतं, हे वेगळं दुखणं. आम्ही ब्रॅकेटवर एक उभा कान वेल्ड केला आणि डोळा वर आणला. त्यासाठी बॉलच्या केंद्रातून दोरी ताणली, गुण्या लावला, आधी टॅक (वेल्डचा छोटा ठिपका) मारला, परत मोजलं, मगच पूर्ण वेल्ड. वेल्डची ओढ ब्रॅकेट वाकवते, तेव्हा थंड झाल्यावर तिसऱ्यांदा मोजा.

म्हणून माझा हट्ट आहे: कोणी स्टिअरेबल ट्रेलरचं ड्रॉइंग दाखवायला आलं की मी आधी साइड व्ह्यू मागते. नसेल तर पुढचं बघत नाही.

घाबरू नका, हे एक समजलं की अर्धा ट्रेलर जमला. उरलेला अर्धा मात्र नुसता चिडवणारा नाही, धोक्याचा आहे.

चाकं वळणारा ट्रेलर गाडीच्या दृष्टीने आखूड होतो. ०.६ गुणोत्तराचा ४.५ मीटरचा ड्रॉबार १ अधिक ०.६, म्हणजे १.६ ने भागा: वागायला तो २.८ मीटरचा. बोळात हे वरदान. रिव्हर्स घेताना शाप, कारण आखूड ट्रेलर पटकन मुडपतो. आणि हायवेवर तो साध्या ट्रेलरपेक्षा लवकर डोलायला लागतो, शिवाय वेग वाढतो तसं डोलणं शमायला जास्त वेळ लागतो. त्यात सांध्यांमधला प्ले, म्हणजे ढिलेपणा, मिसळा. बॉल जॉइंट, बेल क्रँकचा बुश, टाय रॉडची टोकं, प्रत्येकात एक-एक मिलिमीटर धरला तरी आर्मवर ४ मिलिमीटर होतात, म्हणजे तोच दीड अंश. ताशी ६० ला दीड अंश म्हणजे चाकं सेकंदाला ४४ सेंटिमीटर बाजूला जायला बघतात. प्लेमुळे चाकं उशिरा प्रतिसाद देतात, आणि उशिरा आलेला प्रतिसाद डोलणं थांबवण्याऐवजी त्याला झोका देतो.

म्हणून चाकं सरळ ठेवून अडकवणारी लॉक पिन हवीच. ती लावल्याशिवाय रिव्हर्स नाही आणि मोठा रस्ता नाही. परदेशातल्या जड ट्रेलरच्या सेल्फ-स्टिअरिंग ॲक्सललाही रिव्हर्ससाठी लॉक असतो, तेव्हा यात कमीपणा काही नाही. किंगपिनला थोडा ट्रेल द्या, म्हणजे तिची रेषा चाक टेकतं त्या जागेच्या थोडी पुढे ठेवा, की रॉड तुटलाच तर चाकं भरकटण्याऐवजी सरळ व्हायला बघतील. सेफ्टी चेन दोन, ड्रॉबारखाली एकमेकींना छेद देऊन, आणि वळताना त्या रॉडमध्ये अडकत नाहीत ना हे बघून. ओझं मागे जास्त भरू नका, बॉलवर भार राहिलाच पाहिजे. ट्रेलर डोलायला लागला तर ड्रायव्हरने ॲक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंगशी कुस्ती खेळायची नाही. हे ड्रायव्हरला आधी सांगून ठेवा. ऐनवेळी सांगायला वेळ मिळत नाही.

आणखी एक. वळणात शिरताना असा ट्रेलर आधी क्षणभर बाहेरच्या बाजूला जातो. आत किती येतो हे सगळे मोजतात, बाहेर किती जातो हे कोणी मोजत नाही, आणि दुचाकीवाला नेमका तिथेच असतो.

मोजण्यासाठी महागडं काही लागत नाही. पाण्याच्या दोन बाटल्या, बुडाला बारीक भोक. एक गाडीच्या मागच्या ॲक्सलच्या मधोमध, दुसरी ट्रेलरच्या. पाण्यात गेरू कालवा, नाहीतर मे महिन्यात रेषा दिसायच्या आत सुकते. दोन बाटल्यांत दोन छटा ठेवा. अगदी हळू एक गोल फेरी, मग टेप घेऊन दोन रेषांतलं अंतर मोजा, डावीकडे आणि उजवीकडे वेगळं. आमच्या रिपोर्टमधलं एवढं एकच पान बाहेरच्या परीक्षकांनी उलटून परत बघितलं.

गुरूंबद्दल माझी मतं जरा तिखट आहेत. गाईड सर भले असतात, पण त्यांना प्रोजेक्ट वेळेत संपायला हवा असतो, चालायला नव्हे. ‘मिस्त्रीच खरा गुरू’ हे वाक्यही आता मला झेपत नाही. आमच्या मिस्त्रींचा वेल्ड मी आजही डोळे झाकून मान्य करीन, पण त्यांचं निदान ठाम होतं आणि चूक होतं. दोघांचं ऐका आणि मग मोजा. तयार रिपोर्ट विकणाऱ्यांकडे जाऊ नका. त्यातलं गुणोत्तर दुसऱ्याच्या गाडीचं असतं. भंगारातला टाय रॉड मात्र बेशक घ्या, फक्त टोकं नवी टाका.

नोंदणीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर हा ट्रेलर काढायचा नाही, हे मी मोठ्याने सांगते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने ट्रेलर हे स्वतंत्र वाहन आहे, त्याची वेगळी नोंदणी लागते. विक्रीसाठी बनवणार असाल तर नमुन्याची चाचणी पुण्याच्या एआरएआय किंवा सीआयआरटीसारख्या मान्य संस्थेतून करून घ्यावी लागते. प्रोजेक्टसाठी कॉलेजचं आवार, सुट्टीचा दिवस आणि लेखी परवानगी पुरे.

नोकरीचं म्हणाल तर मी ट्रेलर आणि बॉडी बांधणाऱ्या एका कंपनीत डिझाइनला लागले. मुलाखतीत ॲनिमेशन कोणी पाच सेकंदही बघितलं नाही. विचारलं ते असं: प्ले कुठे मोजला, कसा मोजला, लॉक पिन कातरली जाईल का, लोड भरल्यावर ड्रॉबार किती झुकतो. पिनचं गणित मी कागदावर करून दाखवलं, ड्रॉबारचं पाठच होतं. तुमच्या बाबतीतही विचारतील. ट्रेलर अर्धवट राहिला असेल तरी चालेल, पण हे आकडे वहीत तारखेसह लिहिलेले ठेवा आणि ती वही सोबत न्या.